पापणीच्या पुनर्रचना शस्त्रक्रियेत लेझर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पापणीची पुनर्रचना म्हणजे नेमके काय? त्यात लेझर कुठे लागतो?

पापणीचे काम डोळा झाकण्याचे आणि प्रत्येक उघडझापीला अश्रूंचा पातळ थर बुबुळावर सारखा पसरवण्याचे. लोंबत्या कातडीने बाहुली झाकली गेली, पापणी खाली उतरली, तिची कड आत किंवा बाहेर वळली, भाजल्याच्या व्रणाने ती ओढली गेली, किंवा गाठ काढताना तिचा तुकडाच गेला, तर हे काम बिघडते. ते पूर्ववत करण्यासाठी होणारी शस्त्रक्रिया म्हणजे पुनर्रचना.

यात लेझर तीन कामांना येतो: कापणे, कापता कापता रक्त थांबवणे आणि जुना व्रण मऊ करणे. सैल झालेली पापणी ताणून हाडाच्या आवरणाला टाचणे, गेलेल्या जागी नवे अस्तर आणि नवी कातडी आणणे ही कामे लेझर करत नाही. ती सुई-धाग्याने आणि सर्जनच्या हातानेच होतात. 'लेझरने पापणी उचलून देऊ' असे कोणी सांगितले तर उचलण्याचे काम नेमके कोणता टाका करणार आहे, हे जरूर विचारावे.

लेझर कातडी कापतो कसा?

पापणीसाठी सर्वांत जास्त वापरला जातो तो कार्बन डायऑक्साइड लेझर. 1964 मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये कुमार पटेल यांनी तो तयार केला. पापणीची जादा कातडी काढण्यासाठी त्याचा वापर स्टर्लिंग बेकर आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केला. त्याची तरंगलांबी 10,600 नॅनोमीटर, म्हणजे अवरक्त प्रकाश. डोळ्यांना तो दिसत नाही, म्हणून नेम धरण्यासाठी सोबत लाल ठिपका सोडलेला असतो.

हा प्रकाश पाणी शोषून घेते. पेशींत पाणीच जास्त असल्यामुळे जिथे किरण पडतो तिथल्या पेशींतले पाणी क्षणात उकळते आणि त्या पेशी वाफ होऊन जातात. शेजारच्या पट्ट्यात उष्णता झिरपते आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसून बंद होतात. साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या वाहिन्या अशा बंद होतात. त्याहून मोठी वाहिनी उघडली तर किरण मागे घेऊन पसरट करावा लागतो, तरीही ती थांबली नाही तर कॉटरी, म्हणजे विजेने वाहिनी जाळून बंद करणारे साधन, लागते.

या झिरपणाऱ्या उष्णतेतच लेझरचा फायदा आहे आणि तोटाही. पट्टा बारीक राहिला तर रक्त थांबते आणि जखम भरते. तो जाड झाला तर कडा भाजतात, जखम उशिरा भरते आणि व्रण जाड होतो. म्हणून ऊर्जा फार छोट्या स्पंदांत, एका मिलिसेकंदाच्या आत सोडणारी यंत्रे आली. कातडीला उष्णता पसरवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत वाफ करून मोकळे व्हायचे.

सुरीपेक्षा लेझर चांगला का?

पहिल्या आठवड्यात फरक दिसू शकतो. काळेनिळेपणा कमी असतो, ऑपरेशनच्या वेळी जागा कोरडी राहते आणि थर ओळखणे सोपे जाते. पापणीच्या आतून शिरून चरबी काढताना हा कोरडेपणा खरोखर कामाचा ठरतो. काही महिन्यांनी मात्र सुरीने केलेली आणि लेझरने केलेली पापणी शेजारी ठेवली तर अर्थपूर्ण फरक सापडत नाही.

शिवाय सुरी चालवताना हाताला दाब जाणवतो, लेझर चालवताना तो जाणवत नाही. किरण एकाच जागी क्षणभर जास्त रेंगाळला तर खोली वाढते. सुरीने उत्तम काम करणाऱ्या सर्जनला केवळ लेझर नाही म्हणून सोडून जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यंत्रे तर अनेक दिसतात. कोणता लेझर कशासाठी?

अर्बियम-याग, 2940 नॅनोमीटर: पाणी त्याला कार्बन डायऑक्साइड लेझरपेक्षा दहा-बारा पटींहून जास्त शोषते. थर फार पातळ निघतो, शेजारी उष्णता कमी जाते, पण रक्तही थांबत नाही. वरवरच्या कातडीच्या कामासाठी ठीक, चिरेसाठी नाही.

पल्स्ड-डाय, 585 किंवा 595 नॅनोमीटर: रक्तातले हिमोग्लोबिन त्याला शोषते. जन्मजात लाल डाग आणि लालसर व्रण यांसाठी.

आर्गॉन आणि डायोड: रंगद्रव्यात शोषले जातात. चुकीच्या दिशेने उगवलेले पापणीचे केस मुळातून जाळण्यासाठी.

फ्रॅक्शनल हे लेझरचे वेगळे नाव नव्हे, ती किरण सोडण्याची पद्धत आहे. पूर्ण कातडी न सोलता तिच्यात सूक्ष्म खांबांसारखी छिद्रे पाडायची आणि मधली कातडी शाबूत ठेवायची. ही कल्पना 2004 पासून रूढ झाली.

डोळ्याला इजा होणार नाही ना?

हा प्रश्न प्रत्येकाने विचारावा आणि उत्तर तपशिलात मागावे. नुसते 'काळजी घेतो' पुरेसे नाही.

पापणीवर लेझर चालवताना बुबुळावर धातूचे कवच बसवलेले असलेच पाहिजे. आधी भुलीचे थेंब, मग कवचाच्या आतल्या बाजूला वंगण देणारे डोळ्यांचे जेल, मग कवच. त्याची बाहेरची बाजू खरबरीत असते, कारण गुळगुळीत धातूवरून किरण परावर्तित होऊन दुसरीकडे जातो. आतली बाजू मात्र गुळगुळीत हवी, नाहीतर बुबुळ खरचटते. प्लास्टिकचे कवच या कामाला चालत नाही, ते वितळते. डोळ्यांवर बाहेरून लावायचे काळे चष्मे किंवा चिकटपट्ट्या चेहऱ्याच्या कामाला ठीक, पापणीच्या कामाला निरुपयोगी. कवच बसवण्याआधी त्यावर ओरखडा आहे का ते भिंगाखाली पाहायचे. काढल्यावर बुबुळावर फ्लोरेसिनचा रंग टाकून खरचटलेले नाही ना, हे तपासणारा सर्जन नीट काम करतो असे समजा.

कार्बन डायऑक्साइड आणि अर्बियम लेझरचा किरण बुबुळाच्या पारदर्शक पडद्यातच अडतो. चूक झाली तर जखम तिथे होते. डोळ्याच्या आतल्या दृष्टिपटलापर्यंत तो पोहोचत नाही. डायोड, आर्गॉन, पल्स्ड-डाय आणि 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग हे मात्र बुबुळातून सरळ आत जातात, आणि भिंगाने एकवटलेला किरण दृष्टिपटल कायमचे जाळू शकतो. म्हणून खोलीतल्या प्रत्येकाचा चष्मा त्याच तरंगलांबीसाठीचा हवा. एका लेझरचा चष्मा दुसऱ्याला चालेलच असे नाही. तरंगलांबी चष्म्यावर छापलेली असते.

लेझरने आग लागते असे ऐकले. खरे आहे का?

खरे आहे. नाकातून नळीने ऑक्सिजन सुरू असेल तर तो आच्छादनाच्या कापडाखाली साचतो आणि भुवई, पापणीचे केस, कापूस हे सगळे क्षणात पेटू शकते. त्यामुळे शक्य असेल तिथे फक्त जागेवरची भूल द्यायची आणि बाहेरून ऑक्सिजन द्यायचाच नाही. द्यावाच लागला तर प्रमाण 30 टक्क्यांच्या खाली ठेवायचे आणि लेझर सुरू करण्याआधी काही मिनिटे तो थांबवून कापड उचलून हवा मोकळी करायची. भोवतीचे कापड आणि गॉज ओले ठेवायचे. ते वाळतात, म्हणून मधूनमधून पुन्हा भिजवायचे. कातडी पुसायला स्पिरिट असलेले द्रावण नको, पाण्यातले पोव्हिडोन आयोडीन वापरायचे. क्लोरहेक्सिडिन डोळ्याजवळ तसेही नको, ते बुबुळाला घातक आहे.

निघणारा धूर खेचणाऱ्या नळीचे तोंड जखमेपासून बोटभर अंतरावर धरायचे. चामखिळीसारख्या गाठींच्या धुरात विषाणूंचा अंश सापडलेला आहे.

ऑपरेशनच्या आधी काय तयारी?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी घेऊन जा. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, नव्या पिढीच्या गोळ्या, शिवाय फिश ऑइल आणि व्हिटॅमिन ई सुद्धा. मनाने काहीही बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर गोळी थांबवणे पापणीतल्या रक्तस्रावापेक्षा जास्त धोक्याचे ठरू शकते, आणि तो निर्णय ज्यांनी गोळी लिहिली त्यांच्याशी बोलूनच होतो.

ओठांवर किंवा डोळ्यांजवळ पूर्वी नागीण प्रकारचे फोड आले असतील तर सांगा. कातडी सोलणाऱ्या किंवा फ्रॅक्शनल उपचाराआधी विषाणूविरोधी गोळ्या सुरू कराव्या लागतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतले असेल तर तेही सांगा. जुन्या शस्त्रक्रिया, डोळे कोरडे असणे, थायरॉइड, टाके फुगून व्रण जाड होण्याची सवय, हे सगळे महत्त्वाचे.

वरच्या पापणीची जादा कातडी काढताना प्रत्यक्ष काय करतात?

खुणा रुग्णाला बसवूनच करायच्या, झोपवून नाही. झोपल्यावर भुवई वर सरकते आणि अंदाज चुकतो. पापणीची नैसर्गिक घडी ही खालची रेषा. वरची रेषा चिमट्याने कातडी धरून ठरवतात: घडी धरल्यावर केस किंचित वर उचलले गेले पाहिजेत, पण डोळा उघडता कामा नये. भुवईच्या खालच्या कडेपासून केसांच्या रांगेपर्यंत मिळून सुमारे 20 मिलिमीटर कातडी शिल्लक राहिली पाहिजे. यापेक्षा कमी उरली की डोळा झोपेत मिटत नाही.

मग भुलीचे इंजेक्शन: 2 टक्के लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रिनॅलिन, प्रत्येक पापणीला एक ते दोन मिलिलिटर. दहा मिनिटे थांबायचे, म्हणजे वाहिन्या आकसतात. घाई केली तर लेझरचा अर्धा फायदा वाया जातो.

कवच बसवून 0.2 मिलिमीटरचा ठिपका आणि साधारण 5 ते 7 वॅट शक्ती. कातडी दोन्हीकडून ताणून धरली की लाल ठिपक्यामागे ती आपोआप उघडत जाते. पापणीची कातडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, तेव्हा एकाच फेरीत थर पार होतो. कडेवर राखाडी काजळी दिसली तर ओल्या बोळ्याने लगेच पुसायची. काजळी किरण शोषून तापते आणि तीच उष्णता आजूबाजूच्या पेशींत ढकलते.

स्नायूखालचा पडदा उघडल्यावर पिवळी चरबी पुढे येते. तिच्यामागे ओली कापसाची काडी किंवा धातूची पट्टी धरून मगच कापायची. मागे काही न धरता किरण सोडला तर तो पापणी उचलणाऱ्या स्नायूच्या पातळ पडद्यावर पडतो आणि पापणी खाली उतरते. नाकाकडची चरबी जास्त पांढुरकी असते, तिच्यात वाहिन्या मोठ्या. बाहेरच्या कोपऱ्यात जे गुलाबी-करडे, दाणेदार दिसते ती चरबी नव्हे, ती अश्रुग्रंथी. ती कापायची नसते. चरबी ओढून काढायची नाही, जेवढी सहज पुढे येते तेवढीच.

शेवटी 6-0 नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे टाके.

खालच्या पापणीबाबत सर्जन इतके सावध का असतात?

कारण तिला खाली ओढायला गुरुत्वाकर्षण कायम तयार असते आणि लेझरने कातडी आकसते. आधीच सैल असलेल्या पापणीवर आकसलेली कातडी आली की कड बाहेर वळते, पांढरा भाग खालून दिसू लागतो, पाणी गालावर वाहते.

ही शक्यता ऑपरेशनआधी दोन मिनिटांत कळते. पापणी चिमटीत धरून डोळ्यापासून पुढे ओढा. ती साधारण 6 ते 8 मिलिमीटरपेक्षा जास्त सुटली तर सैल. खाली ओढून सोडा आणि डोळे मिटू देऊ नका. ती झटकन जागेवर बसली पाहिजे. बसायला दोन सेकंद लागले किंवा उघडझाप केल्याशिवाय बसलीच नाही, तर आधी बाहेरचा कोपरा घट्ट करणे भाग आहे. ते न करता केवळ लेझर फिरवणे ही चूक आम्हाला सर्वांत टाळण्यासारखी वाटते, कारण ती दुरुस्त करायला दुसरी, मोठी शस्त्रक्रिया लागते.

चरबी आतल्या गुलाबी अस्तरातून काढली तर बाहेर टाका नसतो. इथे एक जागा जपायची: आतली आणि मधली चरबी यांच्यामधून डोळा फिरवणारा एक स्नायू जातो. त्याला उष्णता लागली की एकाच्या दोन प्रतिमा दिसू लागतात.

पापणीवरची गाठ लेझरने जाळून टाकता येते का?

ती निरुपद्रवी आहे याची खात्री असेल तरच. चामखीळ, घामग्रंथीची पाण्यासारखी पुटकुळी, फुगीर तीळ, पिवळे चरबीचे चट्टे यांसाठी लेझर चांगला, विशेषतः कडेवर, जिथे सुरीने खाच पडू शकते. पिवळ्या चट्ट्यांमध्ये रक्तातली चरबी तपासावी. ते परत येतात, हेही आधीच सांगायला हवे.

पण गाठ वाढते आहे, मधे खड्डा पडला आहे, तिच्यावरचे केस गळले आहेत, रक्त येते, किंवा एकाच जागी रांजणवाडी पुन्हा पुन्हा होते, तर आधी बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी. तेलग्रंथीचा कर्करोग नेमका रांजणवाडीच्या रूपात फसवतो. लेझरने वाफ केलेल्या गाठीचा तपासायला तुकडाच उरत नाही, आणि वर कातडी छान भरून येते तोवर खाली रोग पसरत राहतो. निदान न करता गाठ जाळू देऊ नका.

कर्करोग काढल्यावर पापणी पुन्हा तयार करताना लेझर वापरतात का?

मर्यादित. गाठ स्वतः सुरीनेच काढायची, कारण लेझरने कडा भाजतात आणि 'कड स्वच्छ आहे का' हे पॅथॉलॉजिस्टला नीट वाचता येत नाही.

पुढचा बेत गेलेल्या भागाच्या लांबीवर ठरतो. चौथा ते तिसरा हिस्सा गेला असेल तर कडा सरळ जोडता येतात. त्याहून थोडे जास्त असेल तर बाहेरचा कोपरा सोडवून किंवा कानशिलाकडची कातडी अर्धवर्तुळात फिरवून. खालच्या पापणीचा मोठा भाग गेला असेल तर वरच्या पापणीच्या आतले अस्तर खाली आणून जोडतात आणि काही आठवडे डोळा मिटलेलाच ठेवून नंतर तो पूल कापतात. एकाच डोळ्याने दिसणाऱ्या माणसासाठी हा बेत बदलावा लागतो.

दुसऱ्या जागेवरून आणलेल्या कातडीच्या तुकड्याच्या कडा लेझरने कापू नयेत. तो तुकडा सुरुवातीला खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो. भाजलेली कड तिथे मरते.

भाजल्यानंतर किंवा अपघातानंतर ओढल्या गेलेल्या पापणीला लेझरने फरक पडतो का?

कातडी ताठ झाली आहे, पण पुरेशी आहे, तर बराच फरक पडतो. कातडी मुळातच कमी पडते आहे, तर नाही. ती कानामागून किंवा दुसऱ्या पापणीवरून आणून बसवावीच लागते आणि काही दिवस पापणी टाक्याने ताणून ठेवावी लागते.

फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर व्रणात छिद्रे पाडतो. जखम भरताना आडवेतिडवे गुंतलेले कोलॅजन पुन्हा रचले जाते आणि व्रण लवचीक होतो. पापणीवर छिद्रांची दाटी कमी ठेवायची, साधारण 5 टक्क्यांच्या आसपास, आणि खोली व्रणाच्या जाडीवर ठरवायची. दाटी वाढवून एकाच बैठकीत काम उरकायला गेले की कातडी आणखी आकसते. तीन ते सहा बैठका, मधे चार ते आठ आठवडे. छिद्रे उघडी असताना वरून ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड सोडले तर जाड व्रणात ते आत पोहोचते.

बुबुळ उघडे पडत असेल तर बैठकांची वाट पाहायची नाही. आधी शस्त्रक्रिया, व्रण मऊ करणे नंतर.

डोळ्यात टोचणारे केस लेझरने जातात का?

मोजके केस असतील तर. किरण केसाच्या दिशेनेच, मुळापर्यंत दोन-तीन मिलिमीटर आत न्यावा लागतो. केस काळा असेल तर तो किरण शोषतो. पांढऱ्या केसावर परिणाम कमी. पुन्हा बैठक लागू शकते. पापणीची पूर्ण कडच आत वळलेली असेल, तर केस जाळत बसण्यात अर्थ नाही, कड फिरवण्याची शस्त्रक्रिया करावी.

गव्हाळ किंवा सावळ्या कातडीला लेझर चालतो का?

चिरेसाठी निश्चित चालतो. कातडी सोलण्याच्या उपचारात काळे डाग पडण्याचा धोका जास्त. ते साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उमटतात आणि बहुतेकदा काही महिन्यांत फिके होतात. उलटा प्रकार, म्हणजे रंग कायमचा जाणे, सहा महिने ते वर्षानंतरही दिसू शकतो. म्हणून कमी ऊर्जा, कमी दाटी, कानामागे चाचणी, आणि उन्हापासून काटेकोर बचाव.

लहान मुलांच्या पापणीवर लाल गाठ असेल तर?

तान्ह्या वयातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीला आता पहिला उपचार प्रोप्रॅनोलॉल हे औषध. 2008 मध्ये हा उपयोग लक्षात आला. पल्स्ड-डाय लेझर जेमतेम मिलिमीटरभर खोल जातो, म्हणून फुगीर गाठीला अपुरा. गाठीने बाहुली झाकली असेल तर डोळा आळशी होतो, तेव्हा उशीर नको. जन्मजात लाल डाग पापणीवर असेल तर काचबिंदूची तपासणी करावी.

पेसमेकर असेल तर?

लेझरमध्ये शरीरातून विजेचा प्रवाह जात नाही, त्यामुळे इथे तो साध्या कॉटरीपेक्षा सोयीचा. तरी सांगून ठेवा, मधे कॉटरी लागू शकते.

टाके कधी काढायचे? घरी काय काळजी घ्यायची?

सुरीच्या चिरेचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात. लेझरच्या कडा सुरुवातीला कमी मजबूत असतात, म्हणून सात ते दहा दिवस ठेवतात. लवकर काढले तर चीर उघडते.

पहिले दोन दिवस जागेपणी दर तासाला दहा-पंधरा मिनिटे थंड शेक. बर्फ थेट लावू नका, भूल ओसरेपर्यंत कळत नाही आणि कातडी गोठते. डोके उशीवर उंच. डोळ्याचे मलम चिरेवर दिवसातून तीनदा. वाकणे, वजन उचलणे, जोराने नाक शिंकरणे आठवडाभर नको. सोललेल्या कातडीवरची खपली नखाने काढू नका, त्यानेच डाग आणि व्रण होतात.

कोणत्या लक्षणाला ताबडतोब धावायचे?

डोळा पुढे ढकलला जातोय, वाढत जाणारी तीव्र वेदना आहे, दिसणे कमी होतेय: ही डोळ्यामागे रक्त साचल्याची चिन्हे. दाबाने दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण दीड तासात कायमचे नुकसान होऊ शकते. टाके उघडून आणि बाहेरचा कोपरा कापून दाब कमी करावा लागतो. लेझर वापरला म्हणून हे होत नाही असे नाही. पापणीवर घट्ट पट्टी बांधू नये, कारण तिच्याखाली हे दिसतच नाही. ऑपरेशनच्या पहिल्या रात्री दर काही तासांनी दोन्ही डोळे एकेक झाकून दिसते का, ते पाहा.

पाणीदार फोड, पू, ताप, किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी होण्याऐवजी वाढणारी लाली, यासाठी त्याच दिवशी दाखवा.

निकाल कधी ठरवायचा? पुन्हा ऑपरेशन लागले तर केव्हा?

सूज दोन आठवड्यांत बरीच उतरते. चिरेची लाली दोन-तीन महिने, सोललेल्या कातडीची कधी कधी त्याहून जास्त. व्रण सहा महिन्यांपर्यंत मऊ होत राहतो, तोवर दोन पापण्यांतला बारीकसा फरक दुरुस्त करायला जाऊ नये. मात्र डोळा नीट मिटत नसेल आणि बुबुळ कोरडे पडत असेल तर दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम, आणि त्याच आठवड्यात सर्जनची भेट.